नख अडकलं तर

रुस्तावीच्या गाडीबाजारात सकाळी आठला
धुकं अजून पोलाद कारखान्याच्या चिमण्यांना टेकून असतं.
जुम्बेर शटर वर करतो, अर्धंच.
पूर्ण वर गेलं तर ते खाली येत नाही.

गाडी ओहायोची. बोटीने पोतीच्या बंदरात,
तिथून ट्रकच्या पाठीवर.
विम्यावाल्यांनी तिला मेलेली ठरवली होती.
आपल्याकडे मेलेल्या गाड्या चांगल्या चालतात,
जुम्बेर म्हणतो. रोज म्हणतो.

माझ्याकडे दार आलं,
निळसर राखी, ड्रायव्हरच्या बाजूचं.
दिवा तिरका धरला की धुण्याच्या ब्रशांनी विणलेलं
कोळ्याचं जाळं दिसतं, हात लावाल तिथे.
ते जातं. लोकरीची चकती, वाटाण्याएवढे चार ठिपके कंपाउंड,
मशीन आधी हळू, लेप पसरेपर्यंत,
मग वेग. दाबायचं नाही.
मशीनचं वजन मशीनला पेलू द्यायचं.
पत्रा तापलेल्या पोराच्या कपाळासारखा लागला
की थांबायचं, पाण्याचा फवारा मारायचा,
आणि एक सिगरेट.

जाळं गेलं.
हँडलच्या खाली चार रेघा राहिल्या,
शेजारी आणखी चार, जरा उथळ,
सगळ्या वरून खाली ओढलेल्या.
नख आडवं फिरवलं.
अडकलं.

नख अडकलं म्हणजे काय, हे शिकायला मला दोन हिवाळे लागले.
ओरखडा काढता येत नाही.
तिथे काढण्यासारखं काही नसतंच,
जे होतं ते आधीच गेलेलं असतं.
आपण आजूबाजूचं धडधाकट सगळं
घासून घासून त्याच्या तळापर्यंत उतरवतो,
आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, गेला की!

मीटर टेकवला: एकशे अठरा.
दोन हजारचा पाणकागद, पुन्हा लोकर, मग स्पंज.
एकशे नऊ.
एकशे चार.
सात रेघा विरघळल्या. एक तशीच.
आणखी दहा फेऱ्यांत तीही गेली असती, आणि तिच्याबरोबर
सगळा थर. मग पहिल्याच उन्हाळ्यात दार पांढरं पडलं असतं,
कोड फुटल्यासारखं.

मशीन खाली ठेवलं आणि सीटच्या रुळात
आखूड, ताठ केस दिसले, टोकाला पिवळट.
रेघा माझ्या कमरेच्या उंचीला.
मागच्या दोन पायांवर कुणी उभं राहिलं तर
पुढचे दोन नेमके इथे येतात.
जुन्या रेघांत मळ बसला होता, नव्या कोऱ्या होत्या,
म्हणजे वर्षानुवर्षं,
रोज संध्याकाळी गाडी दारात लागली की
आतला माणूस उतरेपर्यंत त्याला दम निघत नसणार.
आणि त्या माणसाने
इतक्या वर्षांत एकदाही पॉलिश करून घेतलं नव्हतं.

काय बघत बसलास, जुम्बेर ओरडला,
दुपारी ग्युम्रीचा माणूस येतोय.

हमाझास्प आला, मेहुणीला घेऊन.
तो टायरला लाथा मारत फिरला. गाड्यांतलं तिला कळत होतं.
बॉनेटकडे पाहिलंही नाही, सरळ दाराशी आली,
उजेडाकडे पाठ करून वाकली, नख फिरवलं.
हे काय?
जुम्बेरने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, कुत्रा.
तिने रेघेवर पंजा ठेवला,
बोटं फाकून मापलं.
मोठा होता, म्हणाली.
आणि किमतीतून दोनशे डॉलर कापले.

जुम्बेर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही.
बोलला तेव्हा एवढंच, की शटर धर.

घरी मी हात धुतो तेव्हा ननुली विचारते,
आज कुठला रंग?
वीस वर्षं झाली, तिला अजून पटत नाही
की रंगाला मी हातच लावत नाही,
त्याच्यावरची काच तेवढी खातो.
लाल असो, काळी असो,
बेसिनमध्ये पाणी पांढरंच उतरतं.